आतला, बाहेरचा आणि एक बूच

मित्रांनो, 'मी एक जुना एसी आहे' असे म्हणून मला सुरुवात करता आली असती. त्यातला 'जुना' खरा आहे, 'एसी'ही खरा आहे. 'एक' मात्र खोटे आहे.

मी दोन आहे. एक आत, एक बाहेर, मधे भिंत. भिंतीतून तांब्याच्या दोन नळ्या, एक वायर आणि पाण्याची एक पांढरी नळी जाते, तेवढाच आमचा संबंध. आतल्याने बाहेरच्याला कधी पाहिलेले नाही, बाहेरच्याने आतल्याला पाहिलेले नाही. म्हणून हे आत्मवृत्त दोन तोंडांनी सांगावे लागेल. कोण बोलतो आहे ते दर वेळी वर लिहितो. या घरात आधीच पुष्कळ संशय आहे, त्यात आणखी भर नको.

आत

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. लांबच लांब पट्ट्यावरून माझी भावंडे सरकत होती. कुणी माझ्या पोटात पंखा बसवला, कुणी खाली पाण्याची पन्हळ बसवली. ही पन्हळ लक्षात ठेवा. मी खोलीतली हवा गार करतो तेव्हा हवेतला दमटपणा माझ्या थंड नळ्यांवर पाणी होऊन ठिबकतो. ते पाणी पन्हळीत जमते आणि पांढऱ्या नळीतून बाहेर जाते. शेवटी एका बाईने माझ्या कपाळावरचा निळा आकडा लावून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

बाहेर

मला शाबासकी मिळाली नाही. मला ठोकून पाहिले.

थंडावा मी करतो, मित्रांनो. तो फक्त फुंकतो. हे एकदा सांगून ठेवले की पुढचे शांतपणे सांगता येईल.

आत

आम्ही वेगवेगळ्या खोक्यांतून निश शहरात आलो. निशावा नदीजवळच्या जुन्या इमारतीत, वरून दुसऱ्या मजल्यावर झिवोता आणि विदोसावा राहतात. झिवोता रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता, विदोसावा मोज्यांच्या कारखान्यात होती. दोघेही आता निवृत्त. झिवोताचे हृदय मात्र त्याच्याआधीच निवृत्तीला आले होते. मला आणवले त्यांच्या मुलीने, रुझित्साने. ती ऑस्ट्रियात असते. फोन टेबलावर ठेवून, स्पीकर चालू करून मायलेकींचे जे बोलणे झाले, ते मी खोक्यातून ऐकले.

"आई, डॉक्टर काय म्हणाले ते बाबांनी मला सांगितलंय."

"तुझे बाबा डॉक्टरांचं अर्धंच ऐकतात."

"त्या अर्ध्यात एवढं होतं की जुलैत खोली गार हवी. नाहीतर हृदयाला झेपणार नाही."

"गार हवी म्हणाले. वारा हवा असं नाही म्हणाले."

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी. निश ज्या देशात आहे तिथली माणसे भूकंपाला भितात, पण थोडीच. ती खरी भितात घरातून आरपार जाणाऱ्या वाऱ्याला. त्याला ती प्रोमाया म्हणतात. दोन खिडक्या समोरासमोर उघड्या राहिल्या की मान धरते, कान दुखतो, तोंड वाकडे होते आणि म्हातारी माणसे जातात, असे सगळे मानतात. बसमध्ये उकाड्याने जीव चालला असला तरी एक खिडकी उघडली की दुसरी लगेच कुणीतरी बंद करते. अशा घरात मी आलो, आणि माझे कामच फुंकण्याचे.

चेदा नावाच्या मिस्त्रीने भिंतीला भोक पाडले तेव्हा विदोसावा कमरेवर हात ठेवून मागे उभी होती.

"केवढं मोठं भोक पाडतोस, पोरा?"

"नळ्या जायला नकोत का, मावशी?"

"त्यातून वारा येईल."

"फोम भरतो ना बाजूनं."

"फोम," विदोसावा म्हणाली. एवढेच म्हणाली. पण त्या एका शब्दात तिने फोमला, चेदाला आणि मला कायमचे ओळखून ठेवले.

बाहेर

मला गॅलरीत आंबवलेल्या कोबीच्या पिंपाशेजारी बसवले. पिंप माझ्या आधीपासून तिथे होते आणि ते त्याने मला कधी विसरू दिले नाही.

आत

माझ्या कामाची वर्षे सुरू झाली. काम अटींवर होते. माझे तोंड छताकडे वळवायचे. झिवोताने माझ्यासमोर बसायचे नाही, कडेच्या कोचावर बसायचे. गळ्याला रुमाल, कमरेला लोकरीची पट्टी, कारण मूत्रपिंडांना वारा लागतो. बाहेर डांबर वितळायचे आणि आत हा माणूस हिवाळ्याच्या कपड्यांत बसायचा. पण त्याचा श्वास सावकाश चालायचा. ते मी वरून पाहायचो आणि मला बरे वाटायचे.

एका उन्हाळ्यात मात्र माझे कौतुक झाले. वरच्या मजल्यावरची ल्युबिंका रोज दुपारी कॉफीला येऊ लागली. येऊन ती माझ्याकडे पाठ करून तिरकी बसायची, म्हणजे वारा मानेला लागणार नाही, नुसता जवळून जाईल. आणि तिथे गारव्यात बसून ती माझ्यासारख्यांनी मारलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायची.

"आमच्या जावेचं तोंड वाकडं झालं ते याच्यामुळेच. रात्रभर चालू ठेवलेलं."

"मग ऊठ ना तिथून," विदोसावा म्हणायची.

"कॉफी संपू दे."

"संपलीय तुझी."

"मग अजून थोडी कर."

झिवोता हसायचा. हसून दमायचा नाही, हे महत्त्वाचे. विदोसावा त्याच्याकडे एक नजर टाकायची, मग माझ्याकडे. त्या नजरेत आभार नव्हते. रखवालदार नव्या भाडेकरूकडे पाहतो तसे ती पाहायची. सध्या काही सापडलेले नाही, पण सापडेल.

बाहेर

तो कौतुकाचे सांगतो आहे, मी सप्टेंबरचे सांगतो. सप्टेंबरात निशमधल्या प्रत्येक गॅलरीत लाल मिरच्या भाजतात, लांबट, गोड, पिशव्याच्या पिशव्या. त्यांची चटणी करून वर्षभरासाठी बरण्या भरतात. विदोसावाची शेगडी माझ्यापासून हातभर अंतरावर. धूर, साल, तेलकट काजळी, सगळे माझ्या पत्र्यांच्या फटींत जाऊन बसले. नंतर पिंप धुतले तेव्हा कोबीचे पाणी उडाले. थंडीत तिने माझ्यावर जुने मेणकापड टाकले आणि दोरीने बांधले. मला वाटले, ही काळजी आहे. नंतर कळले की बर्फाचे पाणी माझ्यावरून पिंपावर गळत होते. मेणकापड पिंपासाठी होते.

आत

आता नोव्हेंबर.

झिवोताच्या घराण्याच्या संताचा दिवस नोव्हेंबरात येतो. अशा आपापल्या संताच्या दिवशी प्रत्येक घर मोठी मेणबत्ती लावते, गोल पाव कापते आणि न बोलावताही पाहुणे येतात. मेणबत्ती दिवसभर शांत जळली पाहिजे. त्या वर्षी ज्योत थरथरत होती. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. विदोसावाने पाहिले आणि तिचा चेहरा बदलला.

"वारा आहे कुठूनतरी," ती म्हणाली.

"ल्युबिंका हसतेय, म्हणून," झिवोता म्हणाला. आणि खरोखरच ल्युबिंका मेणबत्तीसमोर बसून सशाने शेतकऱ्याला चकवल्याची कुठलीशी गोष्ट सांगत होती आणि दर वाक्याला फुर्र करून हसत होती.

विदोसावाने ऐकले नाही. दुसरी लहान मेणबत्ती पेटवून ती सगळ्या घरात फिरली. खिडकीपाशी गेली, दाराच्या फटीपाशी गेली, किल्लीच्या भोकापाशी गेली. मग माझ्याखाली आली आणि थांबली. तिने वर पाहिले. नळी कुठे जाते ते नजरेने पाहिले. मग टेबलावरून काहीतरी उचलले आणि गॅलरीचे दार उघडून बाहेर गेली. पुढचे मला दिसले नाही.

बाहेर

मला दिसले.

ती वाकली. पांढऱ्या नळीचे तोंड माझ्या पायाशी लोंबत असते. ते तिने उचलले, कानाला लावले. काय ऐकले कोण जाणे. मग एप्रनच्या खिशातून एक बूच काढले. झिवोताच्या रकियाच्या बाटलीचे बूच, घरच्या आलुबुखारांच्या दारूचे, वास मलाही आला. ते तिने नळीच्या तोंडात घातले, अंगठ्याने दाबले, फडक्याने घट्ट बांधले.

"आता ये," ती वाऱ्याला म्हणाली आणि आत गेली.

ज्योत नंतरही हलली असेल. ल्युबिंका अजून हसत होती.

मला वाटले, उन्हाळ्याआधी काढेल. मला सांगता आले असते तर सांगितले असते. पण मला तोंड आहे कुठे? आमच्यातले तोंड त्याच्याकडे आहे, आणि त्यातून वाराच येतो.

आत

त्या हिवाळ्यात माझ्यावर विणलेला रुमाल पडला आणि रुमालावर चिनी मातीचे हंस ठेवले गेले. खाली झिवोता मधूनमधून कुरकुरायचा.

"माझ्या बाटलीचं बूच कुणी घेतलं?"

"पडलं असेल कुठे," विदोसावा म्हणायची. ती खोटे बोलत नव्हती. ती खरोखर विसरली होती.

"कागदाचा बोळा लावलाय बाटलीला. अशी दारू उडून जाते."

"उडून जाते की कुणी पितं?"

"मला तर बंद केलीय डॉक्टरांनी."

"म्हणून तर विचारतेय."

बाहेर

मे महिना आला. इथे मे महिन्यात पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडतो. शहरभर बर्फ पडल्यासारखा दिसतो आणि तो सगळा शेवटी माझ्या फटींत येतो. रुझित्साने ऑस्ट्रियातून दटावले, उन्हाळ्याआधी मशीन तपासून घ्या. चेदा आला.

खरे सांगतो, त्याने काम चांगले केले. मेणकापड सोडले. मऊ ब्रशने कापूस काढला, साबणाच्या पाण्याने मिरच्यांची काजळी धुतली. माझ्या मागे पारव्याच्या काटक्या होत्या, त्या उचलल्या. काट्यांची मीटरे लावून गॅस पाहिला. त्या वेळी विदोसावा त्याच्या खांद्यावरून वाकून काट्याकडे बघत होती.

"गॅस घालतोयस की काढतोयस?"

"नुसता बघतोय, मावशी."

"बघायला एवढी मोठी नळी लागते?"

नळीच्या फडक्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. ते पिंपामागे होते आणि पिंपावर चेदाने हत्यारे ठेवली होती.

आत

माझ्या जाळ्या चेदाने न्हाणीघरात धुतल्या. विदोसावाने काळे पाणी पाहिले आणि म्हणाली, "हे सगळं आम्ही श्वासात घेत होतो."

"नाही मावशी, हे यानं अडवलं म्हणून तुम्ही घेतलं नाही."

मला कुणीतरी कधीतरी असे म्हणावे असे फार वाटत होते. तिने मान हलवली, पण पटले म्हणून नव्हे.

मग रिवाजाप्रमाणे तिने चेदाला चमचाभर चेरीचा मुरांबा आणि पाण्याचा पेला दिला. चेदाने मुरांबा खाल्ला, पाण्याचा पेला उचलला आणि शिडीवर चढला.

"हे कुठे नेतोस?"

"पन्हळीत ओततो. पाणी नळीतून बाहेर जातं का ते बघू."

"ते प्यायचं पाणी आहे."

"थोडंसंच, मावशी."

"विजेच्या मशीनमध्ये माझ्या डोळ्यांदेखत पाणी ओतायचं नाही. खाली झिवोताचा कोच आहे, मागे माझ्या लग्नाचा फोटो आहे. उतर."

"प्रत्येक घरी करतो हे."

"प्रत्येक घरी काय काय करतोस ते मला माहीत नाही. माझ्या घरी पाणी पितात."

चेदाने माझ्याकडे पाहिले, पेल्याकडे पाहिले. उकाडा होता, पुढे आणखी घरे होती. त्याने पाणी पिऊन टाकले.

"तुमचं घर, मावशी," तो म्हणाला.

मित्रांनो, तो पेला माझ्यापासून वीतभर अंतरावर आला होता.

बाहेर

मी खाली वाट पाहत होतो.

आत

जुलैत शहर तापले. निशावा नदी दगडांत शिरली. समोरच्या इमारतीत दुपारी रुग्णवाहिका येऊन गेली आणि विदोसावाने पडद्याआडून ती जाईपर्यंत पाहिले. मग रिमोट उचलला आणि मला सुरू केले. झिवोता कोचावर आडवा होता. त्याचे ओठ फिके होते, घोटे सुजले होते.

मी मनापासून काम केले. खोली निवू लागली. झिवोताचा श्वास लांब झाला. आणि मला जाणवले की माझ्या पन्हळीतले पाणी जात नाही. ते चढत होते. मी काय करणार? मला थंड करणे माहीत आहे, थांबणे माहीत नाही. ते माझ्या कडेवरून भिंतीवर आले, लग्नाच्या फोटोमागून खाली उतरले आणि झिवोताच्या खांद्यावर पडले.

"विदो," तो डोळे न उघडता म्हणाला, "पाऊस पडतोय."

तिने मला बंद केले. वायर ओढून काढली.

"मी सांगत होते," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून सांगत होते."

मग संशयाची रांग लागली. आधी मी. नंतर चेदा, त्यानेच काहीतरी काढून नेले. मग ती जिन्याने वर गेली आणि मला दोघींचे आवाज ऐकू आले.

"तुझ्या कुंड्यांचं पाणी माझ्या भिंतीत उतरतंय, ल्युबिंका."

"माझ्या कुंड्या वाळून मेल्या जूनमध्ये. ये, बघ. त्यांना भेटून जा."

"मग पाणी कुठून आलं?"

"त्या मशीनमधून. मी काय सांगत होते तुला?"

"सांगत होतीस त्याच्याखाली बसून."

दार आपटले. चेदाला फोन झाला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या छतावर होता. दोन दिवस तरी येता येणार नाही, म्हणाला. "मावशी, नळी बघा एकदा," असेही म्हणाला. पण तोवर तिने फोन कानापासून काढला होता.

"येऊ दे त्याला," ती झिवोताला म्हणाली. "येऊन उतरवू दे. मला हे घरात नको."

खोली पुन्हा तापली. खिडक्या बंद, कारण उघडल्या तर वारा येतो. झिवोता कोचावरून उठला आणि भिंत धरत स्वयंपाकघरात जाऊन फरशीवर आडवा झाला. गार लादी असते म्हणून. एरवी फरशीवर नुसते बसले तरी विदोसावा ओरडायची. या वेळी ती ओरडली नाही. ती त्याच्याशेजारी बसली.

"विदो," तो म्हणाला, "मला तुझ्या प्रोमायानं जायला चालेल. या उकाड्यानं नको."

"गप्प बस."

"गप्पच आहे. श्वास पुरत नाही बोलायला."

मी भिंतीवर होतो, वायर लोंबत होती. माझ्याकडे त्याच्यापुरता गारवा होता. आणि मी एक पांढरी पेटी होतो, तिच्यावर परत हंस ठेवायचे तेवढे बाकी होते.

आत, अजून

ताप चढला, अंग तापले की त्या देशात तळपायांना रकिया चोळतात. विदोसावाने कपाटातून बाटली काढली. तिच्या तोंडाला कागदाचा बोळा होता. तिने बाटली उजेडात धरली. रकिया कमी झाली होती.

"कुणीतरी पितंय ही," ती म्हणाली. "तो चेदा होता ना मे महिन्यात..."

मग ती थांबली. बोळा हातात धरून उभी राहिली.

"हिचं बूच कुठे गेलं?" तिने विचारले. झिवोताला नाही, मलाही नाही.

झिवोता फरशीवरून म्हणाला, "नोव्हेंबरपासून मी तेच विचारतोय."

ती माझ्याकडे वळली. पहिल्यांदाच तिने माझ्याकडे पाहिले आणि तिच्या नजरेत मी नव्हतो. तिची नजर नळीवर होती. नळीवरून भिंतीवर गेली, भिंतीतून पलीकडे. बाटली टेबलावर ठेवून ती गॅलरीत गेली. दार तिने उघडेच टाकले. त्या घरात मी दार उघडे राहिलेले पाहिले ते तेवढ्या वेळी.

बाहेर

तिने पिंप सरकवले. ते एकटीने सरकत नाही, पण सरकले. गुडघ्यांवर बसली. फडक्याची गाठ सुटेना, तिने दातांनी सोडली. बूच फुगले होते. तिने ते दोन्ही हातांनी ओढले.

पाणी तिच्या पायांवर पडले, सपातांवर, पिंपाखाली, सगळीकडे. गार पाणी. ती तशीच बसून राहिली. मग बूच एप्रनच्या खिशात टाकले, नळीचे तोंड नीट कडेला वळवले आणि माझ्या पत्र्यावर हात ठेवला. किती वेळ ते सांगत नाही. मला तसा हात कधी कुणी लावला नव्हता.

आत

तिने वायर लावली, रिमोट दाबला. मी फुंकू लागलो. पाणी आपल्या वाटेने जाऊ लागले.

झिवोताला धरून तिने कोचावर आणून बसवले, कोच आधीच दुसऱ्या भिंतीला ओढला होता. हळूहळू त्याच्या ओठांना रंग आला.

"चालू झालं," तो म्हणाला. "कसं?"

"आपोआप."

"आपोआप?"

"मशीनचं काय सांगता येतं."

झिवोताने टेबलाकडे पाहिले. बाटलीला बूच होते.

"बूच ओलं आहे," तो म्हणाला.

"मग? उन्हाळा आहे. त्याला घाम आला असेल."

तो हसला. हसून दमला नाही. मग विदोसावाने स्वयंपाकघरातली खुर्ची आणली. ती तिने माझ्या आणि त्याच्या मधे ठेवली, बरोबर माझ्या वाऱ्याच्या वाटेत. स्वतःच्या गळ्याला रुमाल बांधला, पाठ माझ्याकडे केली आणि बसली. वारा आधी तिला लागायचा, मग तिच्या खांद्यांच्या दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे जायचा. झोप लागेपर्यंत तो तिच्याकडे बघत होता. ती मात्र मधूनमधून मान वळवून माझ्याकडे बघायची. विश्वास तिने माझ्यावर ठेवला नव्हता. पण तिथून ती उठलीही नाही.

दोघे

मित्रांनो, आम्हाला प्रेमाने वागवा असे आम्ही म्हणणार नाही. संशय घ्या. पण उन्हाळा लागण्याआधी घ्या आणि अर्ध्यावर सोडू नका. आतल्याची जाळी काढून उजेडात धरा. बाहेरच्याच्या फटींत काय साचले आहे ते वाकून पाहा. पन्हळीत पेलाभर पाणी ओता आणि ते पलीकडे बाहेर येईपर्यंत तिथे उभे राहा. मिस्त्रीवर, शेजारणीवर, यंत्रावर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला की घरात एक माणूस उरते. त्याच्यावरही थोडा घ्या.

बाहेर

शेवटचे मी सांगतो, कारण ते गॅलरीत घडले.

पुन्हा नोव्हेंबर आला. आत पाहुणे होते. दार उघडून विदोसावा बाहेर आली आणि तिच्यामागून, सावकाश, झिवोता. तिने नळीचे तोंड उचलले. झिवोताने खिशातून बूच काढून तिच्या हातावर ठेवले. बूच बसले, फडके बसले.

मग त्याने दुसऱ्या खिशातून रिमोट काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. रेल्वेच्या कारखान्यातल्या गाठीने तो नळीला बांधू लागला, बुचाच्या अगदी शेजारी.

"हे इथे कशाला बांधतोस?"

"आत हरवतो."

"कधी हरवलाय?"

"हरवेल. उन्हाळ्यात शोधायला इथेच येऊ."

विदोसावा वाकली. मग तिने गाठीवर बोट दाबून धरले, त्याला दुसरा पीळ नीट घालता यावा म्हणून.